विश्वाचं वय आणि माझं

१ जानेवारी १९६७, रविवार

नलिनीबाईंनी नव्या वर्षाची म्हणून ही डायरी दिली. आम्ही दोघी शाळेमागच्या दोन खोल्यांत राहतो. त्या मराठी शिकवतात, मी विज्ञान. त्या गिरगावच्या, मी पेणची. त्यांचं म्हणणं, "तुझी जीभ दिवसभर चालते, रात्री जरा हात चालव."

पहिल्याच पानावर छापलंय: नाव, पत्ता, वय, उंची, चपलेचा नंबर. नाव लिहिलं, शैलजा टिपणीस. पत्ता लिहिला, सिल्वासा. चपलेचा नंबर पाच. वयापाशी आले आणि पेन थांबलं. आईला विचारल्याशिवाय कसं लिहिणार?

खरं वय एकोणतीस, मार्चात तीस. पण तीन वर्षांपूर्वी पहिलं स्थळ आलं तेव्हा आईनं पंचवीस सांगितलं. दुसरं आलं तेव्हाही पंचवीस. आता तिसरं यायचंय, आणि परवाच्या पत्रात परत पंचवीस! मी आपली पंचविशीतच मुक्काम ठोकून बसलेय. आमची उषा माझ्याहून दोन वर्षांनी धाकटी. तिच्या लग्नात आईनं तिचं एकच वर्ष चोरलं, त्यामुळे ती आता सासरच्या हिशेबानं सव्वीस. म्हणजे धाकटी थोरली झाली आणि थोरली धाकटी. उद्या मी तिला वाकून नमस्कार करायचा की काय?

नवं स्थळ म्हणजे "विरारच्या माईंचा बाळ". तिकडेच तुमच्या बाजूला सरकारी नोकरीत आहे, एकतीस वर्षांचा, एकोणतीस तारखेला बघायला येणार, मीही येते, असं आईनं लिहिलंय. एकतीस वर्षांचा घोडा आणि म्हणे बाळ! पुढचं न वाचता पत्र तांदळाच्या डब्याखाली सरकवलं.

लग्न नको असं नाही. इथे तरी खरं लिहिते, हवंय. पण खोटं सांगून नको आणि शाळा सोडून नको. दुसऱ्या स्थळाच्या, दादरच्या लोकांनी नोकरी सोडायची अट घातली तेव्हा मीच नाही म्हटलं होतं. आई म्हणते, हे शेवटचं स्थळ. असेल बाई.

४ जानेवारी, बुधवार

हेडमास्तर दत्तात्रयरावांनी बोलावून घेतलं. सव्वीस जानेवारीला संध्याकाळी गावासाठी विज्ञानावर व्याख्यान आहे, ते मी द्यायचं.

"विषय काय घेणार?"

"विश्व किती मोठं, कसं पसरतंय आणि त्याचं वय काय."

ते चष्म्यावरून बघत राहिले. "बाई, शेतीला उपयोगी असं काही नाही का?"

"सर, शेत विश्वातच आहे."

"घ्या. पण शेवटच्या रांगेतल्या माणसाला कळलं पाहिजे. नाही तर पुढच्या वर्षी पुन्हा साक्षरतेचे फायदे."

वर्गाबाहेर आले आणि अक्षरशः एक गिरकी घेतली. शिपायानं बघितलं. बघू दे.

७ जानेवारी, शनिवार

खानवेलहून जंगलखात्यातले एक कर्णिक म्हणून गृहस्थ आले. शाळेच्या प्रदर्शनासाठी सागाच्या बुंध्याची चकती घेऊन आले होते, बसच्या टपावरून. उंच, काळेसावळे, बोलताना डोळे हसतात. चकतीवरची वलयं मुलांनी मोजली. एकशे बारा.

"झाडाचं बरं असतं," ते म्हणाले. "लपवाछपवी नाही. विश्वाला अशी वलयं असतात का हो, बाई?"

मी म्हटलं, नसतात, म्हणून तर मजा आहे. मग मला राहवेना. सगळ्या दीर्घिका, म्हणजे ताऱ्यांची मोठमोठी गावंच, एकमेकींपासून कशा लांब चालल्यात, किती लांब गेल्या आणि किती वेगानं चालल्यात हे कळलं की निघाल्या कधी ते कसं काढतात, सगळं सांगितलं. त्यांची बस चुकली. नलिनीबाईंनी त्यांना चहा दिला, वर पोहे दिले. मला कधी इतक्या प्रेमानं देत नाहीत.

मूळचे कुठले विचारलं, तर म्हणाले विरारचे. विरारला निम्मं जग राहतं.

८ जानेवारी, रविवार

फुग्यासाठी वापीला गेले. फुग्यावर शाईचे ठिपके काढायचे आणि फुगवायचा, म्हणजे ठिपके एकमेकांपासून लांब जातात. विज्ञानाच्या मासिकात तसंच चित्र आहे.

दुकानदार म्हणाला, "बेन, केटला जोइए? बाबानो जनमदिवस छे?"

म्हटलं, "विश्वाचा."

त्यानं दोन फुगे जास्त दिले.

११ जानेवारी, बुधवार

फुग्यांनी दगा दिला. पाच फुटले. सहावा टिकला, तर त्यावरचे ठिपकेही फुगून वाटाण्याएवढे झाले! हे चुकीचं आहे. दीर्घिका फुगत नाहीत, त्यांच्यामधली जागा वाढते. एखाद्या मुलानं विचारलं, "बाई, मग आपणही फुगतोय का?" तर काय सांगू?

नलिनीबाईंना बसचं उदाहरण म्हणून दाखवलं. बस सिल्वाशाहून खानवेलला निघाली. किती अंतर गेली आणि वेग किती, यावरून सुटली कधी ते कळतं. त्या म्हणाल्या, "अगं, ती बस वाटेत चहाला थांबते, ड्रायव्हर कुणाची तरी कोंबडी पोचवतो. तुझ्या विश्वाचा ड्रायव्हर कधी थांबला नसेल कशावरून?"

बाई मराठीच्या, पण प्रश्न पहिल्या नंबरचा! वेग सगळा वेळ सारखाच होता असं धरलं तर वय चुकणारच. शास्त्रज्ञांचंही त्यावर भांडण आहे. मी त्यांना मिठीच मारली. त्या म्हणाल्या, "पुरे, आमटी उतू जाईल."

१४ जानेवारी, शनिवार, संक्रांत

कर्णिक तिळगूळ घेऊन आले. एवढ्याशा पुडीसाठी खानवेलहून! नलिनीबाईंनी बोलावलं असावं. त्यांचं हल्ली खानवेलवर भारी प्रेम.

त्यांना शंका होती. "सगळंच एकमेकांपासून लांब चाललंय म्हणता, तर मग सिल्वासा आणि खानवेलचं काय? रोज अंतर वाढलं तर बसभाडंही वाढेल."

मी समजावलं, की तो नियम फार फार लांबच्या गोष्टींना. जवळच्या वस्तूंना एकमेकींची ओढ असते, ती पसरण्याला पुरून उरते. आपल्या शेजारची मोठी दीर्घिका तर आपल्याकडेच येते आहे.

"म्हणजे जवळचे लांब जात नाहीत."

"अजिबात नाही."

"बरं झालं विचारलं," ते म्हणाले. नलिनीबाई उगाचच खोकत आत गेल्या. तीळ घशात अडकला असेल.

मग गाव पोर्तुगीजांकडून मुक्त झालं त्या दिवसांचं बोलणं निघालं. मी म्हटलं, चोपन्न साली मी नुकतीच मॅट्रिक होऊन कॉलेजात गेले होते, वर्तमानपत्रात सिल्वासा हे नाव पहिल्यांदा वाचलं ते तेव्हा. कर्णिक बोटांवर काहीतरी मोजायला लागले आणि एकदम हसू दाबलं. "काय झालं?" विचारलं तर म्हणे, "काही नाही, विश्वाचं वय काढत होतो." तीळ माझ्या दातात अडकला होता की काय, नंतर आरशात बघितलं. नव्हता.

१८ जानेवारी, बुधवार

उषाचे यजमान कामानिमित्त वापीला आले होते, ते आईनं दिलेला पत्र्याचा डबा पोचवून गेले. आत साबुदाण्याच्या पापड्या, जिरं घातलेल्या, आईच्या हातच्या. वर चिठ्ठी: "एकोणतीस तारखेला माई आणि बाळ यायचे, त्यांच्यासाठी आहेत. आधी डबा उघडशील तर याद राख. आणि पंचवीस लक्षात ठेव."

डबा फळीवर ठेवला. रागानं विज्ञानाचे पेपर तपासले. सगळे नापास झाले असते, म्हणून उद्या पुन्हा तपासायचे.

२१ जानेवारी, शनिवार

सापडलं! सापडलं!

दुपारी नलिनीबाईंनी खिचडी टाकली आणि आईच्या डब्यातल्या दोन पापड्या गुपचूप तळायला घेतल्या. मी ओरडायला गेले आणि कढईत बघतच राहिले. बशीएवढी पापडी बघता बघता ताटलीएवढी झाली. आणि तिच्यातलं जिरं! प्रत्येक जिरं दुसऱ्यापासून लांब गेलं, पण जिरं मात्र होतं तेवढंच राहिलं. फुग्याला जे जमलं नाही ते पापडीला जमलं. शिवाय कुठलंही एक जिरं धरा. त्याला वाटणार, बाकीची सगळी माझ्यापासूनच पळताहेत, मीच मधोमध. प्रत्येकालाच तसं वाटणार. म्हणजे विश्वाला मधोमध असं काही नाहीच!

नलिनीबाई म्हणाल्या, "आता ती खा, विश्व गार होतंय."

फक्त पंचाईत एवढीच, की पापड्या बाळासाठी आहेत. संध्याकाळी कर्णिक आले (म्हणे गावात काम होतं), त्यांना सांगितलं.

"मग गावासाठी तळा की सगळ्या."

"आणि एकोणतीसला ते बाळ येणार, त्याच्यापुढे काय ठेवू?"

"बाळ काही म्हणणार नाही."

"तुम्हाला हो काय ठाऊक?"

"अंदाज आहे," असं म्हणून त्यांनी स्टोव्ह आणि मोठी कढई आणायचं कबूल केलं, तळायला स्वतः उभं राहायचंही. चांगला माणूस आहे. बाळ निदान याच्या निम्म्यानं तरी चांगला असावा, असं मनात आलं आणि का कोण जाणे, एकदम उदास वाटलं. पापडी खाल्ली. बरं वाटलं.

२६ जानेवारी, गुरुवार

आनंदानं झोप येत नाहीये. आणि थोडी भीतीनंही.

अख्खं गाव शाळेच्या पटांगणात. खेरडीहून, रांध्याहून माणसं आलेली, कचेरीतले लोक सहकुटुंब. मी टेबलाशी, बाजूला कर्णिक शर्टाच्या बाह्या वर करून कढईपाशी. कच्ची पापडी हातात धरून म्हटलं, हे विश्व. कर्णिकांनी ती तेलात सोडली. ती फुलली तशी पोरं टाळ्या पिटायला लागली. जिऱ्याची गोष्ट सांगितली, बसची सांगितली. मग एकेक विश्व रांगांतून फिरवलं आणि लोकांनी ते मोडून खाल्लं. हेडमास्तरांनी दोन विश्वं खाल्ली.

मग वयावर आले. म्हटलं, पस्तीस-चाळीस वर्षांपूर्वी पहिल्यांदा हिशेब केला तेव्हा विश्वाचं वय निघालं दोनशे कोटी वर्षं. पण जमिनीतले दगड तपासले तर ते तीनशे कोटींहून जुने! म्हणजे आईपेक्षा लेक मोठी! गावात हा हशा पिकला. मग दीर्घिकांची अंतरं पुन्हा मोजली, तर त्या वाटल्या होत्या त्याहून कितीतरी लांब निघाल्या. अंतरं वाढली तसं वय वाढलं, आणि आता ते हजार कोटींच्या आसपास धरतात. उद्या आणखी बदलेल.

पहिल्या रांगेत एक नऊवारीतल्या आजी बसल्या होत्या, पांढरेशुभ्र केस, तिसरी पापडी हातात. त्यांनी खणखणीत आवाजात विचारलं, "म्हणजे बाई, विश्वानं वय चोरलं होतं?"

"चोरलं नाही हो, मावशी. मोजणाऱ्यांनी अंतरं कमी धरली, म्हणून वय कमी निघालं. चोरतात ते आमच्या घरी!"

आणि मग मी थांबायला हवं होतं. पण समोर सगळे हसत होते, मला चढलं होतं. म्हटलं, "माझंच घ्या. माझी आई मला पंचवीसची सांगते आणि माझी धाकटी बहीण आहे सव्वीसची. असं उत्तर आलं की समजावं, हिशेब कुठंतरी चुकलाय, नव्यानं मोजा. मी एकोणतीसची आहे, मार्चात तीस. झाला का मेळ?"

पटांगण नुसतं दणाणलं. आजी तर डोळे पुसत होत्या. सगळे हसत होते, फक्त कर्णिक हसले नाहीत. माझ्याकडे बघत उभे राहिले आणि कढईतलं विश्व करपून काळं झालं.

२७ जानेवारी, शुक्रवार

काय करून बसले मी!

बाजारात भाजीवाली म्हणाली, "बाई, मार्चात पेढे हां." पोस्टातला कारकून म्हणाला, "अभिनंदन, एकोणतीस." म्हणजे बाळापर्यंतही पोचलंच असणार, सरकारी नोकर आहे, तिकडे सगळं आधी पोचतं. स्थळ मोडलं म्हणायचं. आईला काय सांगू? ती उद्या येते आहे.

पण खरं लिहायचं तर बाळाचं मला काडीचंही वाटत नाही. कर्णिक हसले नाहीत, तेच सारखं टोचतंय. जाताना नीट बोललेही नाहीत, त्या आजींना हात धरून बसपर्यंत पोचवत होते. माणूस परोपकारी आहे खरा.

नलिनीबाईंना हे सांगितलं तर त्यांनी कपाळावर हात मारला. "शैलजा, तुला दहा लाख वर्षं लांबचं दिसतं गं!" म्हणाल्या आणि पांघरूण ओढून झोपल्या. आकडा चुकला. शेजारची दीर्घिकाच वीस लाख प्रकाशवर्षं लांब आहे.

२९ जानेवारी, रविवार

आई काल आली. आल्या आल्या पदर नीट कर, हळू बोल, पंचवीस विसरू नकोस. मी दोनदा सांगायला तोंड उघडलं, दोनदा तिनं मिटवलं. नलिनीबाई मला मदत करायच्या सोडून तोंडाला पदर लावून बसलेल्या.

चार वाजता दार वाजलं. मी आतून कान देऊन होते. आईचा आवाज आला, "या माई, या. ये रे बाळ." मी पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आले आणि बघते तर पुढे त्या पापडीवाल्या आजी. आणि त्यांच्यामागे इस्त्रीचा शर्ट घालून, कान लाल झालेले, कर्णिक.

माझ्या हातातल्या बशा नलिनीबाईंनी वेळेवर धरल्या.

"तुम्ही बाळ?" मी म्हटलं.

"जयवंत," ते म्हणाले. "पण घरी कुणी ऐकत नाही."

आईनं माझ्याकडे बघून डोळे वटारले आणि साखरेच्या पाकातला आवाज काढला. "आमची शैला. पंचवीस पूर्ण." अख्ख्या सिल्वाशाला ठाऊक असलेली गोष्ट! माई अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणाल्या, "हो का? वाटत नाही हो. आमचा बाळ एकतीस." कर्णिक छताकडे बघायला लागले. मी ओठ चावून धरला. नलिनीबाई खोकत आत पळाल्या, आणि आता मला त्यांचे सगळे खोकले एकदम कळले. तांदळाच्या डब्याखालचं पत्र त्यांनी शेवटपर्यंत वाचलेलं असणार.

मग आई पापड्या तळायला म्हणून आत गेली. फळीवरून डबा काढल्याचा आवाज आला. मग झाकणाचा. मग काहीच नाही.

"शैला! पापड्या कुठायत?"

मी काही बोलायच्या आत माईच बसल्या जागेवरून ओरडल्या, "मी खाल्ल्या हो त्या! गुरुवारीच. जिरं छान पडलं होतं."

आई रिकामा डबा घेऊन दारात आली. "गुरुवारी? म्हणजे तुम्ही हिच्या व्याख्यानाला होतात?"

"पहिल्या रांगेत. बाळानंच बोलावून घेतलं होतं. दोन-तीन आठवडे मला पत्रातून विश्वाची गोष्ट लिहीत होता. म्हटलं, बघू तरी कोण सांगतं ती."

"मग आणखी काय काय ऐकलंत?" आईचा आवाज अगदी बारीक झाला.

"सगळं. विश्वाचं, पृथ्वीचं आणि तुमच्या धाकटीचं."

आई मटकन स्टुलावर बसली. एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा डब्यात. मला तिची इतकी दया आली, की वाटलं जाऊ दे, व्हावं पंचवीस. पण तिनंच डबा खाली ठेवला आणि म्हणाली, "मार्चात तीस होईल. पोरीचा काही दोष नाही. मला आपली भीती वाटायची."

"वाटायचीच," माई म्हणाल्या, आणि जरा सावरून बसल्या. "आता आमचंही ऐका. बाळाला श्रावणात पस्तीस पूर्ण झाली. मीही चार चोरली. आणि हे बघा, शाळा तिनं सोडायची नाही. खानवेलहून बस आहे, नाही तर बाळानं इकडे येऊन राहावं."

मग कर्णिकांनी त्या दिवशीसारखी बोटं मोजली. "पंचवीस आणि एकतीस, सहा. एकोणतीस आणि पस्तीस, सहा. बाई, दोघांची वयं वाढली आणि अंतर तेवढंच राहिलं. तुमच्या सिद्धांतात हे कसं बसतं?"

प्रश्न विज्ञानाचा होता. त्याला उत्तर देणं भाग होतं.

"जवळच्या वस्तूंना तो नियम लागत नाही," मी म्हटलं. "संक्रांतीला सांगितलं होतं."

ते हसले. या वेळी अगदी मोकळे, मोठ्यानं. आईला यातलं काही कळलं नाही, पण तिनं डोळे पुसले आणि त्यांच्या पोह्यांवर आणखी मूठभर खोबरं घातलं.